तिसऱ्या बोयाचा सूड

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी फार मनात ठेवणारा आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या मधोमध लेक युनियन नावाचे तळे आहे. त्या तळ्यात साखळीने बांधलेला मी एक जुना पिवळा बोया, म्हणजे खुणेसाठी तरंगत ठेवलेले लोखंडी पिंप. आम्ही पाच जण एका रांगेत तरंगतो. प्रत्येकाच्या डोक्यावर जाळीत बसवलेला एक दिवा आहे. मी तिसरा, म्हणजे बरोबर मधला.

बॅलार्ड भागातल्या एका शेडमध्ये मारित हॉगन नावाच्या बाईने मला घडवले. वेल्डिंग करता करता ती मला दम द्यायची, "गळलास तर बघ! माझं नाव घालवशील." मी आजतागायत गळलेलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझ्यावर कसला आळ आला ते तुम्ही ऐकणारच आहात.

या तळ्यावर सीप्लेन उतरतात, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमाने. आमच्या रांगेलगतचे पाणी हीच त्यांची धावपट्टी. त्याच पाण्यात शिडाच्या होड्या असतात, एकट्याने वल्हवायच्या अरुंद कयाक असतात, आणि गरम पाण्याच्या टबात बसून बिअर पिणाऱ्यांच्या होड्याही असतात. वरून पायलटने रेडिओचे बटण दाबले की आमचे दिवे लुकलुकतात. विमान येते आहे, जरा बाजूला व्हा, एवढाच त्याचा अर्थ.

हे 'जरा'च माझ्या मुळावर आले. नियम असा आहे की पाण्यावर विमानाने होडीला वाट द्यायची. आमचा दिवा म्हणजे हुकूम नव्हे, नुसती विनंती. बहुतेक लोक ती ऐकतात. वल्हे मारत बाजूला होतात, वर बघून हातही हलवतात.

वॉल्ट ओकिमोटो हा पायलट एकतीस वर्षे इथून बेटांवर टपाल आणि माणसे पोचवत होता. विमान पाण्यावरून हळूहळू धक्क्याकडे नेताना तो खिडकी उघडून मला विचारायचा, "काय तीन नंबर, आज बाजार कसा आहे?" मागे बसलेले प्रवासी हसायचे. लोखंडी पिंपाशी कोण बोलते? वॉल्ट बोलायचा. मला त्याचा फार लळा होता.

आता त्या दुसऱ्या माणसाबद्दल सांगतो. ग्रेग लिंडक्विस्ट हा निवृत्त वकील. त्याची पांढरी मोटरबोट होती, नाव 'सेलेस्ट'. दर शनिवारी तो पाहुणे घेऊन यायचा आणि बोटीचा दोर सरळ माझ्या कडीत अडकवायचा. नांगर टाकायचासुद्धा कंटाळा! बोयाला बोट बांधायला बंदी आहे, पण हा एवढा एकच नियम त्या कायदेपंडिताला कधी आठवला नाही. पोहून वर आला की तो ओला टॉवेल वाळायला माझ्या डोक्यावर टाकायचा. निळ्या दोऱ्याने 'सेलेस्ट' असे विणलेले अर्धा डझन टॉवेल त्याने मुद्दाम करून घेतले होते आणि प्रत्येक पाहुण्याला दाखवले होते.

एकदा एका पाहुणीने विचारले, "अगं बाई, हा दिवा कसला हो?"

"पायलट लोकांची सोय. आपल्यावर काही बंधन नाही. वाट विमानाने द्यायची. कायदा आहे!"

"आणि नाही दिली तर?"

"तर त्याला मी कोर्टात खेचीन," ग्रेग म्हणाला, आणि सगळे खदाखदा हसले.

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी असाच तो टॉवेल माझ्यावर पडला होता. दक्षिणेकडून वॉल्ट खाली येत होता. त्याने बटण दाबले, पाचही दिवे लागले. माझाही लागला, मित्रांनो! पण टॉवेलखाली. तेवढ्यात हिवोत नावाची एक नर्स कयाक वल्हवत माझ्याजवळून निघाली. तिने आधी माझ्याकडे पाहिले, कारण ती नियमाने वागणारी बाई होती. बाकीचे दिवे लांब, उन्हात हरवलेले; माझा दिसत नाही, म्हणजे वाट मोकळी, असे समजून ती धावपट्टीत शिरली.

मधोमध गेल्यावर तिला विमान दिसले. आणि तिने काय करावे? या शहराची एक खोड आहे. चौकात चार गाड्या समोरासमोर आल्या की चौघेही एकमेकांना हात करतात, 'तुम्ही आधी, तुम्ही आधी.' हिवोतने तेच केले. ती होती तिथेच थांबली आणि वल्हे उचलून विमानाला खूण केली, तुम्ही आधी जा.

वॉल्टने विमान डावीकडे ओढले. पंख पाण्याला लागला आणि विमान उलटे झाले. त्या फेरीत प्रवासी नव्हते, हे नशीब. हिवोतच कयाक टाकून त्याच्याकडे पोहत गेली आणि मदत येईपर्यंत तिने त्याचे डोके पाण्यावर धरून ठेवले.

आणि ग्रेगने? त्याने सगळ्यात आधी माझ्या डोक्यावरचा टॉवेल खेचला. घाईघाईत इतका जोरात, की एक कोपरा जाळीत अडकून फाटला आणि तिथेच राहिला. मग तो दोर सोडून निघून गेला.

चौकशी झाली. हिवोत खरे तेच बोलली, दिवा दिसला नाही. वॉल्टही खरेच बोलला, "चार दिसले. मधला उन्हात दिसत नसेल असं वाटलं मला." ग्रेग साक्षीदार म्हणून गेला आणि म्हणाला, "दिवा लागलाच नाही हो. आणि कायद्याने पाहिलं तर वाट विमानानेच द्यायची होती."

दोन माणसे मला तपासायला आली. माझ्यावर सीगल पक्ष्यांची घाण होती, म्हणून नाके मुरडत दूरच थांबली. बटण दाबले, दिवा लागला. "कधी लागतो, कधी नाही," असे लिहून ती गेली. माझ्या गळ्यात 'बंद' अशी पाटी अडकवली. आणि मधला दिवा दिसत नसताना उतरलास, असा ठपका ठेवून वॉल्टचा परवाना काढून घेतला.

माझे नाव घालवले त्याचा राग होताच. पण मारितने जोडलेला एकही सांधा उसवला नसताना मी बिघडलेला ठरलो आणि माझ्यामुळे वॉल्ट दोषी ठरला, हे मला सहन होईना. त्या दिवशी मी ठरवले, याला सोडायचे नाही.

बोया काय सूड घेणार, असे तुम्हाला वाटेल. ऐका. पुढच्याच शनिवारी ग्रेग पुन्हा आला, निर्लज्जासारखा. दोर बांधला. मी प्रत्येक लाटेबरोबर त्याच्या पांढऱ्या बोटीला घासत राहिलो. संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर तांबड्या गंजाचे हातभर पट्टे उठले. ऑगस्टभर हेच केले. तो कपाळाला आठ्या घालून पुसायचा आणि मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

खरा सूड मात्र जाळीत होता. तो टॉवेलचा कोपरा! पावसाळी वाऱ्याने तो ओढला, सीगलनी घरट्यासाठी चोचीत धरून हिसडे दिले. मी डोलून डोलून त्यांना उडवून लावले. एक म्हातारा सीगल तर रोज यायचा, त्याच्याशी माझे हाडवैर झाले. नोव्हेंबर गेला, जानेवारी गेला. मी चिंधी सोडली नाही.

एप्रिलमध्ये लुझ बाउतिस्ता ही दुरुस्ती करणारी बाई आली. तिला घाणीचे वावडे नव्हते. तिने जाळी उघडली, दिवा तपासला, तारा तपासल्या.

"अरे, तू तर ठणठणीत आहेस की! मग बंद कोण म्हणालं तुला?" आणि मग जाळीत बोट घालून, "हे काय रे? से... लेस्ट?"

तिने मान वर केली. शंभर हातांवर पांढरी बोट उभी होती. तिच्या कठड्यावर निळ्या अक्षरांचे पाच टॉवेल ओळीने वाळत होते. लुझ एवढेच म्हणाली, "आई शप्पथ."

चौकशी पुन्हा उघडली. चिंधी टेबलावर ठेवल्यावर ग्रेगने आधी हरकत घेतली, मग घाम पुसला, मग कबूल केले. माझी पाटी निघाली. वॉल्टचा परवाना परत आला. ग्रेगला शिक्षा मिळाली ती माझ्या आवडीची. चाळीस शनिवार लुझच्या हाताखाली पाचही बोये घासायचे.

तो चपट्या होडीत गुडघे टेकून माझी घाण काढत असे आणि लुझ मागून म्हणत असे, "कोपरे राहिलेत, वकीलसाहेब." त्या म्हाताऱ्या सीगलशी मी आता समेट केला होता. ग्रेग येण्याआधी मी त्याला खुशाल बसू द्यायचो. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, तेवढे सुख मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

एका शनिवारी लुझबरोबर वॉल्ट आला. अपघातानंतर प्रथमच. ग्रेगची मान खालीच होती. तेवढ्यात माझा दिवा लुकलुकू लागला. लुझने दोर सोडला. ग्रेग सवयीने पुटपुटला, "थांबा हो, एवढा डाग राहिलाय. आणि तसं पाहिलं तर कायद्याने..."

"ग्रेग," वॉल्ट शांतपणे म्हणाला, "माझ्या जागी आलेली जी मुलगी वरून विमान आणतेय ना, तिला खाली नुसती उन्हाची चकाकी दिसतेय. तिला ना तू दिसतोस, ना तुझा कायदा."

ग्रेगने ब्रश खाली ठेवला आणि वल्हे उचलले. होडी धावपट्टीपासून दूर गेली. विमान अलगद उतरले. वॉल्टने त्या मुलीला हात करायला उजवा हात उचलला. तो खांद्याच्या वर गेला नाही. मग त्याने डावा हात हलवला.

परवाना त्याच्या खिशात आहे, पण डॉक्टर म्हणतात, अपघातात दुखावलेला हा खांदा आता विमान चालवायचा नाही. मी मागितला तेवढा सूड मला मिळाला. तो मोजून चाळीस शनिवार मिळाला, आणि त्याने वॉल्टचा हात एक इंचही वर गेला नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. पाण्यात कुठे दिवा लुकलुकताना दिसला तर त्याच्यावर काही टाकू नका, त्याला काही बांधू नका. तुमचा हक्क असेल, तरी बाजूला व्हा. मी ग्रेगला माफ केलेले नाही, आणि करणारही नाही. पण या तळ्यावर पुन्हा कुणाचा सूड घ्यायची पाळी माझ्यावर आणू नका, एवढी माझी विनंती आहे.