पाठीवरचे करकोचे

सीमेअलीकडच्या विल्नुसला आम्हा बेलारूसी लोकांचं संमेलन भरलं की फितींची टोपली घेऊन मी, तैसा, दारात उभी राहते. इथेच स्थायिक झालेल्यांना पांढरी फीत. ज्यांना सीमा ओलांडून बेलारूसला घरी परतायचंय, त्यांना लाल. लाल फीतवाल्यांचा चेहरा फोटोत येता कामा नये. इथे दिसलेल्या चेहऱ्याची तिकडे चौकशी होते, आणि चौकशीला नेलेलं माणूस लवकर परतत नाही.

"लाल? शोभेल ना गं मला, तैसा?" रायना हसली. खेड्यातली शाळामास्तरीण, अंगाईगीतं गोळा करणारी. आई अंथरुणाला खिळलेली. शेजारीण सांभाळणार, तीही फक्त सोमवार दुपारपर्यंत.

तिने कोट काढला. पांढऱ्या सदऱ्यावर, मानेखाली, तांबड्या दोऱ्याचे दोन करकोचे.

"पाठीवर का गं?"

ती गुणगुणली:

"पुढची फुलं जगासाठी, पाठीवरचं घरासाठी,
मागून हाक मारीन, लेकी, वळून बघ आईसाठी."

त्या दिवशी विषय होता, सोविएत राज्य मोडलं, देश सुटला, मग माणसं का विखुरली? टोरांटोहून विन्त्सेंतकाका आले होते. वय ब्याऐंशी; युद्धात आईच्या कडेवरून देश सोडलेला. व्यासपीठावर त्यांचा आवाज कापत होता. "राष्ट्र म्हणजे काय? आपलं माणूस पाठमोरं दिसलं तरी ओळखू येतं, ते राष्ट्र!"

टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या.

मग फोटो. लाल फीतवाले पाठ करून उभे राहिले. जवळजवळ निम्मं सभागृह. "पाठमोऱ्यांनो, तुम्हीही हसा की!" फोटोवाला ओरडला, आणि पाठीच्या पाठी हसून गदगदल्या.

बटाट्याची धिरडी खाऊन मंडळी पांगली. फोटो इंटरनेटवरच्या आमच्या पानावर चढला. चारच्या सुमारास पाहते तो खाली काकांच्या ओळी: 'दुसऱ्या रांगेत डावीकडची पोर माझ्या आईच्या गावची, बुस्लाव्काची! हे करकोचे दुसरीकडे कुणी भरत नाही. ऐंशी वर्षांनी डोळे निवले.'

"काका, हे काय करून बसलात! पुसा आधी!"

"अगं, चेहरा कुठाय त्यात?" बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मीच ते पुसलं. पण तोवर गावाच्या नावासकट फोटो कुठल्या कुठे गेला होता. पुढे पाठवणाऱ्यांत एक नाव असं, की आमच्यातलं कुणीच त्याला ओळखत नव्हतं.

मी धावत बसस्थानक गाठलं. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. रायनाला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "उतर, बाई. माझ्याकडे राहा."

रायना खिडकीपाशी सरकून बसली. मग म्हणाली, "बुस्लाव्कात हे करकोचे आता दोघीच भरतात, तैसा. एक मी."

"आणि दुसरी?"

तिने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. "मी इथे राहिले तर चौकशीवाले माझ्या आईचं दार ठोठावतील. उघडायला तिला उठता येत नाही गं."

"मग तो सदरा तरी दे इकडे."

"असू दे. गाव कळलंय त्यांना. आता सदऱ्याने काय होणार?"

गाडी हलली. रायना जागा बदलून मागच्या काचेपाशी बसली, माझ्याकडे पाठ करून. आतून हाक अगदी ओठांवर आली. मारली असती तर ती वळलीच असती. तेवढ्यात दिसलं, फलाटाच्या कडेला एक अनोळखी माणूस मोबाइल उंच धरून गाडीच्या मागच्या काचेचा नेम घेत होता.

मी हाक गिळली.