भिंतीवरचा फौजी

इंद्रजितला त्या फोटोतून मिळणार काय होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. पैसा नव्हे, पगार ठरलेलाच होता. मिळणार होतं ते नाव. मालिका संपताना पडद्यावरून जी नावं भराभर वर पळतात आणि आपण जी कधीच वाचत नाही, कारण तेवढ्यात आमटी गरम करायची असते, त्या नावांत 'कला साहाय्यक' म्हणून त्याचं नाव. चार वर्षं तो साताऱ्याजवळच्या सेटवर खिळे ठोकत होता आणि गावी, कुंडलमध्ये, सांगून बसला होता की आपण सीरियल बनवतो. नाव आलं की ते सांगणं निदान निम्मं तरी खरं ठरणार होतं.

मालिका साडेसातची. थोडी हसवणारी, थोडी रडवणारी. पण तिची खरी गंमत मागच्या भिंतीवर असायची. पुढं सासू-सुनांची जुंपलेली, आणि मागं फळीवर जुन्या कॅसेटी, कायम एप्रिलात अडकलेलं कॅलेंडर, एखाद्या गाजलेल्या सिनेमाचं नाव किंचित फिरवून रंगवलेलं पोस्टर, लोणच्याच्या बरणीवर निवडणुकीच्या घोषणेसारखं लेबल. लोकांनी हे हेरलं. सांगलीच्या स्वप्नाली नावाच्या मुलीनं मोबाइलवर ग्रुपच काढला. भाग संपला की माणसं चित्र थांबवून, मोठं करून मागं काय काय सापडलं याच्या याद्या टाकायची. इंद्रजित खोट्या नावानं त्या ग्रुपात शिरला होता. आपण ठेवलेली बरणी कुणाला दिसली, हे जेवताना वाचलं की त्याला भाजी कमी लागायची. ती भिंत त्याची, हे ठाऊक होतं फक्त प्रियदर्शनी मॅडमना. त्या कलादिग्दर्शक.

एकदा गोष्टीत सासूचा मयत नवरा भिंतीवर हवा झाला. जुना फोटो, फौजी वेशातला. मॅडमनी बजावलं की नेटवरून उचलायचा नाही. मागं अशाच एका फोटोपायी कुणाच्या तरी नातवानं नोटीस धाडली होती. खऱ्या माणसाचा आणा, घरच्यांची सही आणा. काम नीट झालं तर पुढच्या महिन्यापासून नाव घालू, असंही म्हणाल्या.

इंद्रजितला लगेच आप्पासो आठवले. आप्पासो म्हणजे त्याचे थोरले चुलते, फौजेतले रिटायर हवालदार. बाप लवकर गेला, तेव्हापासून याला त्यांनीच वाढवलं. पोरगं उसाला पाणी पाजायचं सोडून बांधावर चित्रं काढत बसतं म्हणून भावकी हसली, तेव्हा मिरजेला चित्रकलेच्या क्लासला घातलं तेही त्यांनीच. त्यांचा एक फोटो घरात होता. भरतीनंतरच्या पहिल्या रजेत मिरजेच्या स्टुडिओत काढलेला. मागं पडद्यावर रंगवलेलं सरोवर, पुढं मिशी धड न फुटलेला जवान. पुढं दोन वर्षांनी एकाहत्तरच्या लढाईत याच जवानाच्या मांडीतून गोळी आरपार गेली. आजही थंडीत तो पाय ओढतो.

साळूबाई काकींनी फोटो पदरानं पुसून दिला. आप्पासोंनी चष्मा न शोधताच सही ठोकली आणि टीव्हीवर कधी दिसणार एवढंच विचारलं. हार घालणार, हे इंद्रजितनं सांगितलं नाही. दोन सेकंद दिसणार, तेही धूसर. कुणाच्या लक्षात येतंय.

मॅडमनी फोटो बघितला, खूश झाल्या, आणि मग म्हणाल्या, "हे गृहस्थ हयात आहेत का? जिवंत माणसाला हार घालायचं मला बरं वाटत नाही."

'आहेत' म्हटलं असतं तर फोटो परत गेला असता आणि त्याच्या मागोमाग नावही. इंद्रजित म्हणाला, "न्हाईत मॅडम. मागंच गेले. सही त्यांच्या भावाची हाय."

बोलायला एक श्वासही लागला नाही.

भाग लागला त्या संध्याकाळी आप्पासोंच्या सोप्यात वीसेक माणसं जमली होती. फोटो दिसला, चंदनाच्या हारासकट. काकींचा हात नकळत कपाळाच्या कुंकवाकडं गेला. मग आप्पासोच हसले. हार झ्याक हाय, चंदनाचा दिसतोय, म्हणाले, आणि सगळ्यांना चहा ठेवायला लावला. नंतर फोनवर इंद्रजितला सांगितलं, दिसलो गड्या. हाराचं नावही काढलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण ग्रुपातल्या लोकांनी फोटो थांबवला, मोठा केला, सरोवर शोधलं, आणि हा फौजी कोण म्हणून शेकड्यांनी तर्क लढवले. लेखकांना तेवढंच हवं होतं. चार भागांत मयत सासऱ्याचा इतिहास तयार झाला: लढाई सुरू झाली आणि गडी लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, शिरून कढईखाली लपला. घरात कुणी घाबरलं की सासू फोटोकडं पळी रोखायची आणि म्हणायची, रक्तातच आहे. कुणाच्या घरच्यांना वाईट वाटणार नाही ना, असं मॅडमनी एकदा विचारलं होतं. इंद्रजित म्हणाला, छे, घरात सगळी पोट धरून हसतात. तोवर त्याचं नाव पडद्यावरून पळायला लागलं होतं.

तशात कोयनानगरहून भाऊसो आले. आप्पासोंचे पलटणीतले सोबती. ते मालिका बघत नसत. सुनेनं दाखवलेला नुसता हारातला फोटो त्यांनी ओळखला. कुणी कळवलंसुद्धा नाही म्हणून चिडलेले, तरी बायकोला घेऊन भेटायला आले. त्यांच्या बायकोनं रीतीप्रमाणं उंबऱ्यातच गळा काढला. साळूबाईंना वाटलं, यांच्याच घरी कुणी गेलं; त्यांनीही तिच्या गळ्यात पडून सूर लावला. दोघी चांगल्या रंगात आल्या असताना आप्पासो दुधाची बादली घेऊन गोठ्यातून आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले.

गाव दोन दिवस हसत होतं. आप्पासोही हसले. पण मालिकेतली कढईची गोष्ट कुणीतरी भाऊसोंच्या कानावर घातली, आणि जाताना ते बोलून गेले. ते म्हणाले, "मेल्याचं सोड रं. पर कढईखाली? तुला पाठीवर टाकून मीच आणल्याला न्हवं?"

त्या रात्री कुंडलहून फोन आला. आप्पासोंचं म्हणणं थोडकं होतं. हार राहू दे. तेवढं लपल्यालं काढाय सांगतो, उद्या येतो. इंद्रजितनं शूटिंग बाहेर आहे, मॅडम आजारी आहेत, काय काय सांगून बघितलं. दुसऱ्या दिवशी अकराला आप्पासो सेटच्या फाटकात उभे होते. इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं.

प्रियदर्शनी मॅडम स्वतः पुढं आल्या. चेहरा बघून थबकल्या, मग हसल्या. "अहो, किती साम्य आहे. तुम्हीच ना त्यांचे भाऊ? सही केलेले?"

आप्पासोंनी इंद्रजितकडं बघितलं. इंद्रजित त्या वेळी हातातल्या खिळ्यांच्या डब्याकडं बघत होता, पण ते बघणं त्याला मानेवर कळलं. पोरानं आपल्याला मेलेलं सांगितलंय, हे उमगायला आप्पासोंना फार वेळ लागला नाही. ज्या माणसानं नव्या भरतीच्या पोरांच्या थापा वर्षानुवर्षं ऐकल्या, त्याला कितीसा वेळ लागणार.

"व्हय," आप्पासो म्हणाले. "थोरला भाऊ माजा."

"त्यांच्यावर आम्ही जरा जास्तच विनोद करतो. इंद्रजित म्हणाला, घरी आवडतं तुम्हाला."

"हसतो की. घरात लय हसतो आमी."

सेटवरची माणसं गोळा झाली. कुणीतरी फोटोखाली उभं राहा म्हणालं. आप्पासो स्वतःच्या हाराखाली छाती काढून उभे राहिले. एका पोरानं थट्टेनं विचारलं, कढई केवढी होती हो? आप्पासोंनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. सगळे हसले. मग पाय ओढत ते रस्त्यापर्यंत गेले. इंद्रजित मागं मागं गेला. बोलायला तोंड उघडलं की गाडी कधी आहे, एवढंच बाहेर यायचं. सांगलीची एसटी आली तशी आप्पासो चढले.

आता या नावापायी कुणी काय किंमत भरली ते बघू. मॅडमचं काही गेलं नाही. लेखकांना कढईचं माप मिळालं, ते पुढच्याच आठवड्यात वापरलं. भाऊसोंनी फुकटचं रडणं भरलं, आणि ते पुन्हा कुंडलला आले नाहीत. साळूबाई साडेसातला देवळात जाऊन बसतात. आप्पासोंनी पंधरा वर्षांची नोकरी आणि एक पाय अकरा अनोळखी माणसांसमोर दोन वाक्यांत मोजून दिला. इंद्रजित दर रविवारी गावी जातो, जेवतो, आप्पासोंचे पाय चेपायला बसतो. तो द्यायला तयार आहे. त्याच्याकडं अजून कुणी काही मागितलेलं नाही.