पिवळ्या डब्यातला चहाचा कप

मी रुग्णालयातला एक जुना पिवळा डबा आहे. पायाने दाबून उघडायचं झाकण, बुडाला दोन चिरा आणि पोटावर ठळक पाटी: 'बायोमेडिकल कचरा. सुया टाकू नयेत.' मित्रांनो, या शब्दाला घाबरू नका. शरीराशी आणि त्याच्या उपचारांशी ज्याचा संबंध, ते बायोमेडिकल. इथे यंत्रं दुरुस्त करणाऱ्यालाही बायोमेडिकलवाला म्हणतात. माझ्या वाट्याला रक्ताचा कापूस आणि जखमेच्या पट्ट्या आल्या. त्याबद्दल तक्रार नाही.

मी नवा होतो तेव्हा मुख्य नर्सने माझं सर्वांसमोर कौतुक केलं. सुया पांढऱ्या डब्यात आणि चहाचे कप काळ्या डब्यात टाका, असंही बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवशी माझ्यात चहाचा कप पडला, आणि तेव्हापासून रोज पडतात. काळा डबा चार पावलांवर आहे हो! पण ती चार पावलं कुणाच्या जिवावर येतात कोण जाणे.

कपांमुळे मी दुपारपर्यंत भरून वाहायचो. मग सफाईवाल्या मावशी पिशवीचं तोंड बांधता यावं म्हणून ती वरून हाताने दाबायच्या. एका दुपारी त्यांनी हात झटकन मागे घेतला. हातमोज्यावर रक्ताचा थेंब होता. तरुण डॉक्टरने घाईत माझ्यात सुई टाकली होती, तीही कुणाला टोचू नये म्हणून कापसात गुंडाळून. असला चांगुलपणा काय चाटायचाय?

सुई कोणत्या रुग्णाची, ते कळेना. एचआयव्हीसारखी लागण होऊ नये म्हणून मावशींना औषधं सुरू झाली, पण रक्ततपासणीच्या शेवटच्या अहवालाला तीन महिने लागणार होते. घरच्यांना जवळ घेतल्याने काही होत नाही, असं सर्वांनी समजावलं. तरी तीन महिने त्यांनी नातीची वेणी घातली नाही. मला राग आला आणि वाईटही फार वाटलं.

शेवटी अहवाल चांगला आला. डॉक्टर हातातल्या चहाच्या कपासकट धावत आला.

"मावशी, चुकलं माझं."

"या डब्यावर काय लिहिलंय, वाचा बघू."

"बायोमेडिकल कचरा. सुया टाकू नयेत."

"मला वाचता येत नाही. मी रंग बघून ओळखते," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला तर वाचता येतं ना?"

डॉक्टरने उरलेला चहा संपवला. रिकामा कप घेऊन तो चार पावलं चालत काळ्या डब्याकडे गेला. मावशी त्या दिवशी लवकर घरी निघाल्या. नातीची वेणी घालायची होती.

मित्रांनो, माझं झाकण उघडण्याआधी एवढंच आठवा, की ही पिशवी कुणीतरी हाताने बांधणार आहे.