लवंगेच्या पाण्यातली बोटुकली

पाठीच्या पट्ट्याची बक्कल टक्कन लागली, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातली शांतता मोडली. आईने पट्टा आवळून दिल्यावर लेक बूट शोधायला बाहेर पळाली.

"सांगितलंस तिला?" नवऱ्याने डबा भरता भरता हळूच विचारलं.

"आज सांगते."

"कालही आजच होतं."

तिने पिशवी खांद्याला अडकवली. लेकीचा कणा पट्ट्याला जुमानत नव्हता. दिवसेंदिवस जास्तच वाकत होता. आता भूल देऊन मोठं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण एवढ्याशा पोरीला सांगायचं कसं?

शाळेला सुट्टी, घरी कुणी नाही, म्हणून लेक तिच्याबरोबर मत्स्यबीज केंद्रावर आली. आज निवडीचं काम होतं. माशांची बोटभर पिल्लं, म्हणजे बोटुकली, तोलून पारखून पुढच्या टाकीत सोडायची. जागेपणी ती हाती लागतील तर शपथ. म्हणून आधी लवंगेच्या तेलाची भूल.

"हलव, दुधासारखं होईपर्यंत." तेल आणि कोमट पाण्याची बाटली तिने लेकीच्या हाती दिली.

"वहिनी, नवीन माणूस घेतलंत?" शेजारच्या टाकीवरचे मामा म्हणाले. "मला घरी बसवायचा बेत दिसतोय."

"तुम्ही घरी बसलात तर मामींनी कुठे जायचं?"

मामा खो-खो हसले. तिने बाटली बोटुकल्यांच्या टबात रिकामी केली. दाताच्या दवाखान्यासारखा वास सुटला. बोटुकली आधी सैरावैरा धावली, मग त्यांचा तोल गेला, आणि एकेक करून कुशीवर कलंडली. टब नको इतका शांत झाला.

"मेली?"

"नाही गं. कल्ले बघ, हलतायत."

तिने एक उचललं, तोललं आणि वाहत्या पाण्यात धरून हलकेच पुढेमागे केलं. शेपटी थरथरली. बोटुकलं सुळकन निसटलं. लेक हरखली.

आता नाही तर कधीच नाही.

"तुझी पाठ सरळ करतील ना, तेव्हा डॉक्टर तुलाही असंच झोपवतील. काही कळणार नाही. मग उठशील."

लेकीने वाहत्या पाण्यात बोट बुडवलं. "अशीच?"

"अगदी अशीच."

"मग मी नाही रडणार."

आईच्या छातीवरचा धोंडा उतरला. हात भराभर चालू लागले.

"वहिनी, झालं असेल तर टब ओतून टाकू का?" मामांनी विचारलं.

तिने टबात डोकावून पाहिलं. टबाच्या तळाशी काही बोटुकली उरली होती. बोलण्याच्या नादात हातांनी सवयीने त्यांना वगळलं होतं. वाकड्या कण्याचं बोटुकलं नीट वाढत नाही, कुणी घेत नाही. त्याला त्याच पाण्यात राहू द्यायचं, कल्ले थांबेपर्यंत. इतकी वर्षं हेच केलं. हात कधी अडखळला नव्हता.

ती वळली. लेक वाहत्या पाण्यापाशी गुडघे टेकून बसली होती. ओंजळीत एक बोटुकलं होतं, आणि आईने केलं तसंच ती त्याला पुढेमागे करत होती. पुन्हा पुन्हा. मग थांबली, आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाली,

"आई, हे वाकडं होतं म्हणून तू उठवलं नाहीस का?"