तिसऱ्या गाण्यातली टिचकी

कारखान्यात रेकॉर्ड दाबून काढायची बावीस यंत्रं होती, तेव्हा वहिनींच्या खोलीबाहेर लाल दिवा लागला की भलेभले चपला हातात घेऊन पुढे जात. आता यंत्रं उरली तीन. दिवा अजून लागायचा, पण तिकडे बघायला माणसं होती कुठे? आधी कॅसेट आल्या, मग चकचकीत चकत्या आल्या, मग तर गाणी हवेतनंच यायला लागली. हवेशी कोण भांडणार, सांगा!

वहिनी म्हणजे ऐकणाऱ्या बाई. दर शंभर रेकॉर्डांमागे एक त्यांच्या टेबलावर यायची. ती पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत ऐकायची, कुठे खरखर आहे, कुठे सूर हलतोय, ते वहीत लिहायचं. सव्वीस वर्षं हेच काम. त्यांच्या वहीत 'दोष' असं लिहिलं गेलं की मालकाच्या बापालाही ते खोडता यायचं नाही. त्यांचे दीर तिथेच कटिंगच्या खोलीत होते, म्हणून त्या दिराच्या वहिनी, आणि मग हळूहळू सगळ्या कारखान्याच्याच वहिनी झाल्या.

दिराचं काम नाजूक. मऊ लाखेच्या तबकडीवर हिऱ्याच्या टोकाने गाण्याची रेघ कोरायची. त्या तबकडीवरून धातूचा साचा होतो आणि साच्यावरून हजारो रेकॉर्ड निघतात. कोरताना शिंक आली तरी ती हजार घरांत जाऊन शिंकणार. भाऊजींना मात्र तीस वर्षांत कधी शिंक आली नव्हती. जुन्या मालकाच्या गळ्यातला ताईत होते ते.

त्यांच्या उजव्या मनगटात एक चांदीचं कडं होतं. सात वर्षांचे असताना तापाने हातचे जायची वेळ आली होती, तेव्हा सासूबाईंनी नवस बोलून ते घातलं आणि सोनाराकडून तोंड सांधून घेतलं. पुढे हात वाढला, कडं काही वाढलं नाही. सासूबाईंना आता दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी भाऊजी घरी आले की त्या हात पुढे करायच्या, मनगट चाचपायच्या, कडं सापडलं की म्हणायच्या, "आलास? बस." मग भाऊजी बसायचे. पन्नाशीचा माणूस, पण कडं दाखवल्याशिवाय चहा मिळायचा नाही!

नवे साहेब आले ते कागदांचा गठ्ठा घेऊनच. आल्या आल्या त्यांनी वहिनींची खोली अर्धी केली, उरलेली अर्धी कुणाच्या तरी खोक्यांना भाड्याने दिली. मोठा स्पीकर काढून कोपऱ्यात उभा केला आणि वहिनींच्या डोक्यावर हेडफोन चढवले. जाड, कान झाकणारे, पुढे छातीवरून लोंबणारी वायर. "यात जास्त स्पष्ट ऐकू येतं," साहेब म्हणाले. वहिनी मनात म्हणाल्या, स्पष्ट ऐकायला आधी कान लागतात बाबा.

पण साहेबांनी एक काम आणलं, हे कबूल करायला हवं. एका जुन्या गायिकेच्या गाण्यांचा संच, पाच हजार प्रती, हौशी लोकांसाठी. हे वेळेत आणि निर्दोष गेलं तर पुढचे तीन संच आपले. नाही गेलं तर कारखान्याला कुलूप. साहेबांनी सगळ्या एक्केचाळीस माणसांना उभं करून हे सांगितलं. एक्केचाळीस माणसांनी खाली बघितलं.

पहिली रेकॉर्ड वहिनींच्या टेबलावर आली. दुसरी बाजू, तिसरं गाणं. अंतरा सुरू झाला आणि टक्! नखाने टिचकी मारावी तसा आवाज. वहिनींनी सुई मागे नेली. पुन्हा टक्. तिथेच. दुसरी रेकॉर्ड मागवली, तीत तेच. रेकॉर्ड बदलली तरी खोड तीच, म्हणजे दोष साच्यातला. वहिनींनी वहीत लिहिलं आणि त्यांचा हात गळ्यातल्या ताईताकडे गेला. साच्यातला दोष म्हणजे भाऊजींचा दोष.

साहेब आले. हेडफोन लावून डोळे मिटले आणि म्हणाले, "हो हो, अगदी स्पष्ट!" यंत्रांचा मुकादम आला. तो म्हणाला, "किंचित आहे खरं." शेवटी भाऊजी आले. त्यांनी एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आहे, वहिनी," ते म्हणाले.

आणि तिथेच थांबायचं ना! पण स्वभावाला औषध नाही. स्वतःच बोलले, "अंतऱ्याला आवाज चढतो, तेव्हा मी बटण फिरवायला हात वर नेतो. कडं यंत्राच्या कडेला लागलं असणार." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

साहेबांना तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला: कटिंगच्या खोलीत अंगावर कोणताही धातू चालणार नाही, मग तो देवाचा असो वा दागिन्याचा. भाऊजी साहेबांसमोर गेले. वर कापड बांधतो म्हणाले, चामड्याचा पट्टा लावतो म्हणाले. साहेब म्हणाले, "नियम म्हणजे नियम. काढा."

"निघत नाही, साहेब. सांधलेलं आहे."

"मग कापा."

झालं! एवढ्या एका शब्दावर कारखाना पेटला. एकोणीस यंत्रं भंगारात गेली तेव्हा एक माणूस तोंड उघडून बोलला नव्हता. दोन वर्षं पगार वाढला नाही, सगळे मूग गिळून बसले होते. आता मात्र फाटकाशी घोषणा सुरू झाल्या. कडं हा धर्माचा प्रश्न आहे, आज कडं कापतील, उद्या मान कापतील! दुसरी बाजू म्हणाली, पोटापुढे कडं कसलं घेऊन बसलात? मधल्या सुट्टीत एका बाकावर बसून डबा खाणारी माणसं दोन भिंतींना पाठ लावून जेवायला लागली. यंत्रं बंद. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय! कारखाना बुडत होता आणि सगळे कड्यावर भांडत होते.

या सगळ्यात भाऊजींना कुणी काही विचारलं नाही. ते रोज वेळेवर येत, कटिंगच्या खोलीच्या बंद दाराबाहेर स्टुलावर बसत आणि वेळेवर घरी जात. घरी सासूबाई मनगट चाचपत. वहिनी भाकरी भाजता भाजता ते बघत आणि त्यांना वाटे, आपण वहीत ते लिहिलंच नसतं तर? एक टिचकी. पाच हजारांत पाच माणसांना तरी ऐकू आली असती का? पण सव्वीस वर्षांत त्यांनी न ऐकलेलं लिहिलं नव्हतं आणि ऐकलेलं सोडलं नव्हतं.

सतराव्या दिवशी भाऊजी उठले. कुणाला न सांगता दुरुस्तीखात्यात गेले, शिकंज्यावर मनगट टेकवलं आणि फिटरला म्हणाले, "काप." फिटरने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने करवत घेतली. कडं जुनं, चांदी जाड. बराच वेळ लागला. बातमी फाटकाशी पोचली तेव्हा घोषणा देणाऱ्यांना आता काय म्हणावं ते सुचेना. एकेक करून ते आत आले आणि यंत्रांपाशी उभे राहिले.

संध्याकाळी सासूबाईंनी हात पुढे केला. मनगट सापडलं, कडं सापडलं नाही. त्या खालीवर चाचपत राहिल्या. मग दुसरा हात चाचपला. वहिनींना ते बघवेना.

"आई, कापलं मी ते," भाऊजी म्हणाले. "साचा बिघडत होता त्याने. माझ्यापायी एक्केचाळीस घरं बसली असती."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मग म्हणाल्या, "एवढ्या घरांसाठी कापलं असशील तर देव रागावणार नाही. बस."

भाऊजींनी नवी तबकडी कोरली. उघड्या मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता, आणि हात कसा हलका, परक्याचा वाटत होता, असं त्यांनी वहिनींना सांगितलं. नवा साचा झाला. पहिली रेकॉर्ड गरम गरम वहिनींच्या टेबलावर आली. त्यांनी दिवा लावला, हेडफोन चढवले. दुसरी बाजू. पहिलं गाणं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्याचा अंतरा आला.

टक्!

वहिनींनी सुई मागे नेली. पुन्हा लावलं. टक्! तीच जागा, तोच आवाज. त्यांनी डोळे उघडे ठेवून पुन्हा लावलं आणि समोरच्या काचेत स्वतःकडे बघत राहिल्या. अंतऱ्याच्या पहिल्या शब्दावर काचेतल्या बाईची मान हलली. हे गाणं त्यांच्या माहेरी सकाळी लागायचं. त्या शब्दावर घरातल्या सगळ्यांची मान हलायची, त्यांच्या वडिलांची, आईची, त्यांची. सव्वीस वर्षं कामावर मान हलवायची नाही हा त्यांचा नेम होता, आणि या एका गाण्याने तो मोडला होता. त्यांना पत्तासुद्धा नव्हता. मान हलली की गळ्यातला चांदीचा ताईत पुढे यायचा आणि हेडफोनच्या वायरला लागायचा. वायरला नख लागलं तरी कानात ठोका पडतो, इथे तर चांदी होती.

त्यांनी ताईत मुठीत धरला आणि गाणं लावलं. स्वच्छ. मग जुनी रेकॉर्ड लावली, कड्यावाली, बदनाम झालेली. ताईत मुठीत. तीही स्वच्छ. कोपऱ्यातला स्पीकर ओढून आणला, त्यावर दोन्ही लावल्या. दोन्ही आरशासारख्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सासूबाईंनीच लग्नात घातलेला तो ताईत. वहिनी टेबलावर डोकं टेकून रडल्या, पण आवाज न करता, कारण बाहेर दिवा लागलेला होता.

मग तोंड धुऊन त्या साहेबांकडे गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक माझी, कडं निर्दोष होतं, साचा निर्दोष होता, मला काढा हवं तर, पण हे भिंतीवर लिहून लावा.

साहेब टेबलावरचे कागद खोक्यात भरत होते. "बाई," ते म्हणाले, "मला तेव्हाही काही ऐकू आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, म्हणून मी हो म्हटलं. तुमच्यासमोर ऐकू येत नाही कसं म्हणणार?"

"आणि मुकादम?"

"तो माझ्यासमोर कसं म्हणणार?" साहेबांनी एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आणि आता काय फरक पडतो? गिऱ्हाईकाने काम परत घेतलंय. एवढे दिवस थांबलो, आता गाणी नुसती फोनवर टाकतो म्हणतात. महिनाअखेर कुलूप. फाटकावर लावायला देतोय हेच."

वहिनी घरी आल्या तेव्हा भाऊजी पायरीवर बसले होते. फाटकावरचा कागद त्यांनी वाचला होता. आत सासूबाई कॉटवर बसून होत्या. त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी पायरीवर शेजारी टेकल्या. सांगायचं हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. खोटं पचायची सवय नव्हती त्यांना.

"भाऊजी, मी आज नवी रेकॉर्ड ऐकली. तुम्हाला एक सांगायचंय. ती टिचकी..."

"मला ऐकू आली होती, वहिनी." भाऊजींनी त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही. "तिसऱ्यांदा लावली तेव्हा नीट ऐकू आली. खरंच."

"तसं नाही हो, भाऊजी. ऐका तर..."

"नाही, ऐकायचं काय त्यात?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. त्यांनी उजवं मनगट डाव्या हातात गच्च धरलं होतं. "कारखाना गेला तो गेला. जाणारच होता, मला काय कळत नाही का? पण टिचकी होती ना? आईला मी काय सांगितलंय, तुम्ही ऐकलंत. माझ्या हातून चूक झाली होती, म्हणून कापलं. नुसतंच नाही कापलं. होती ना, वहिनी?"

ते दिराच्या नात्याने विचारत नव्हते. सव्वीस वर्षं सगळा कारखाना विचारायचा तसं विचारत होते, आणि वहिनी म्हणतील ते शेवटचं, हेही तसंच. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. या माणसाला खरं सांगितलं तर त्याच्याकडे काय उरणार होतं?

"होती," त्या म्हणाल्या. "जुन्या साच्यात होती. नवा मी आज ऐकला. एकदम स्वच्छ निघालाय."

भाऊजींनी मान हलवली, दोनदा, आणि मनगट सोडलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय म्हणते रे वहिनी?"

"नवा साचा स्वच्छ निघाला म्हणते, आई."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, देव रागावणार नाही म्हणून?" सासूबाई किती तरी दिवसांनी हसल्या. "मग आता चालेल ना गं कारखाना?"

सासूबाई उत्तरासाठी दाराकडे कान लावून बसल्या होत्या.

"चालेल, आई," वहिनी म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.