सावलीला आलेला पाहुणा

केनियातल्या आमच्या सांबुरू लोकांच्या राखीव रानात सफारीची गाडी चालवणारी पहिली बाई मी, नाबिकी. परदेशी पाहुण्यांना हत्ती-जिराफ दाखवणं हे माझं रोजचं काम. माझ्या आईनं मात्र कधी त्या गाडीत पाय ठेवला नव्हता. "जनावरं बघायला जायचं कशाला? न बोलावता येतातच की दारात!" म्हणायची.

यंदा पाहुणे कमी होते, तेव्हा रान सांभाळणाऱ्या समितीनं ठरवलं, रान आपलं, तर वस्तीतल्या बायकांनाही फिरवून आणू. माझ्या गाडीत आई आणि धाकटी आई सिमालोइ, म्हणजे वडिलांची दुसरी बायको. दोघींच्या झोपड्या शेजारी, कुरबुर रोजची.

"पुढे मी बसणार," आई म्हणाली.

"बस की. सिंह पुढून खायला लागतो म्हणतात."

कोरड्या नदीच्या काठाला बाभळीखाली सिंहीण दिसली, तिची दोन पिल्लं अंगावर लोळत होती. मी गाडी बंद केली. आई ताडकन उठली.

"हीच ती! माझी पांढरी शेळी हिनंच नेली. थांब, बघतेच तिला!"

"आई, खाली बस!" मी तिचं लाल उपरणं घट्ट धरलं. सिंहिणीनं एकदा डोळे उघडून पाहिलं आणि जांभई दिली.

"बघ, उलट तोंड करतेय," सिमालोइ पुटपुटली.

ऊन चढलं तसं एक पिल्लू उठलं आणि गाडीकडं डुलत आलं. चाकापाशी थबकलं, टायर चाटला, तोंड वाकडं केलं आणि सरळ गाडीखालच्या सावलीत आडवं होऊन झोपलं. आता गाडी सुरू करायची सोय उरली नाही.

"मग काय करायचं?" आई कुजबुजली.

"त्याची झोप होईपर्यंत बसायचं."

आम्ही बसलो. सिमालोइनं वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातून आणलेलं दूध काढलं, दोघींनी आळीपाळीनं घोट घेतले. खालून बारीक घोरणं ऐकू आलं आणि आईला हसू फुटलं. तिनं तोंडात उपरण्याचं टोक कोंबलं तर सिमालोइलाही हसू आवरेना. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून गदगदत होत्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"माझा थोरला अस्साच घोरायचा," सिमालोइ म्हणाली.

"तो अजून घोरतो. माझ्या भिंतीतून ऐकू येतं," आई म्हणाली आणि पुन्हा हसणं.

मग आई पार वाकून, अगदी हळू आवाजात, बाळाला निजवायचं गाणं म्हणू लागली. सिमालोइनं सूर धरला. सिंहीण कान टवकारून ऐकत राहिली, पण उठली नाही.

सावली सरकली आणि पिल्लाच्या पाठीवर ऊन आलं, तेव्हा सिंहिणीनं घशातून हलकी हाक दिली. पिल्लू डोळे चोळल्यासारखं करत बाहेर आलं, आळस दिला आणि आईकडं पळालं.

"जा रे बाबा, जा. जपून जा," माझी आई म्हणाली.

परतताना दोघी एका सीटवर बसल्या. वाटेत जिराफ दिसला तरी "थांब गं!", हरीण दिसलं तरी "थांब गं!" वस्तीवर पोचेस्तोवर दिवस कलला. शेजारणी गोळा झाल्या, तर आईनं दोन्ही हात पसरून पिल्लाचा आकार दाखवला.

"एवढंच?" सिमालोइ म्हणाली. "अगं, वासराएवढं होतं ते!"

आईनं मान डोलावली आणि हात आणखी लांब केले.