कूलरचं तोंड कुणाकडे?

मे महिन्याच्या दुपारी देवळीत शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, आणि आदेशला तर बाहेर पडायचं कारणच नव्हतं. आठवडाभर लोकांचे दाखले ऑनलाइन काढून देणारा हा अठ्ठावीस वर्षांचा गडी रविवारी जेवण झालं की कानांवर हेडफोन चढवायचा आणि बंदुकांच्या खेळात उतरायचा. पण हल्ली त्याचा जीव टांगणीला लागला होता. खेळ ऐन रंगात आला की कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापायचा, पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा नव्वदच्या पुढे सरकायचा आणि शंभरच्या आसपास सगळं फटकन बंद!

आदेशने त्यावर स्वतःच्या डोक्याने उपाय शोधला होता. त्याने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं आणि घरातला एकुलता एक कूलर उचलून थेट त्याच्यासमोर आणला. आधी तो मधल्या खोलीत असे आणि त्याची थोडी हवा टिनाच्या सैपाकघरापर्यंत पोचे. आता ती सगळी कॉम्प्युटरला! कॉम्प्युटरच्याच खोलीत, भाव वाढेल या आशेने ठेवलेला कापूस छतापर्यंत रचलेला होता. आपल्याकडे घरोघरी असतो, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

कूलरमध्ये पाणी टाकायचं काम आदेशच्या आईचं, आनंदाबाईंचं. अंगणातल्या नळावरून बादल्या भरून आणायच्या, टाकीत ओतायच्या आणि पुन्हा चुलीपाशी जायचं. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं आणि कुणी त्यांच्याकडून घेतलंही नव्हतं.

त्या रविवारी वडील नानाजी लग्नाला तळेगावला गेले होते. बस स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी अंकिता आदेशच्या बोलावण्यावरून घरी आली होती.

"आधी खेळ चालवून दाखवा भाऊ, किती तापते ते पाहू," ती म्हणाली.

आदेशने खेळ सुरू केला. आकडा चढू लागला. अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव... तेवढ्यात कूलरमधलं पाणी संपलं आणि तो गरम हवा फेकू लागला.

"आई, पाणी टाक वं!" आदेश ओरडला.

उत्तर आलं नाही. पडद्यावर चौऱ्याण्णव!

"आई! आयकू नाई येऊन राह्यलं काय तुले? तापून राह्यला नं थो!"

अंकिता उठून अंगणात गेली आणि दुसऱ्याच क्षणी तिची हाक आली, "आदेशभाऊ, लवकर या! काकू पडल्या!"

हाक हेडफोनमधूनही ऐकू आली. आदेशचा हात आधी माऊसकडे गेला. त्याने खेळ थांबवला, थांबला की नाही ते पाहिलं आणि मग तो उठला. पाचच सेकंद गेले असतील. पण दारातून परत वळलेल्या अंकिताने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे आदेशलाही कळलं.

आनंदाबाई नळापाशी भिंतीला टेकून कोसळल्या होत्या. बादली आडवी झाली होती. अंग भट्टीसारखं तापलं होतं. शेजारच्या कमलाबाई धावत आल्या, सगळ्यांनी मिळून त्यांना उचलून खोलीत आणलं, ओल्या कापडाने अंग पुसलं आणि कूलरचं तोंड खाटेकडे केलं. बादलीभर पाणी आदेशनेच ओतलं. त्या घरात त्याने कूलरमध्ये पाणी टाकायची ही पहिलीच वेळ! डॉक्टर आले, सलाईन लावलं. "ऊन लागलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," एवढं बोलून ते सलाईनच्या थेंबांकडे पाहत बसले.

तासाभराने आनंदाबाईंनी डोळे उघडले. गार हवा अंगावर येतेय हे लक्षात येताच त्या पुटपुटल्या, "कूलर तिकडं कर रे बाप्पा. तुहा कंपुटर गरम होईन."

आदेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला आईच्या तोंडाकडे बघवेना.

अंकिताने आता कॅबिनेट पुढे ओढलं आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखालून चिमट्याने एक ओलसर करडी पट्टी ओढून काढली.

"हे पाहा. कापसाचे तंतू उडते, कूलरची ओल लागते, अन् थे इथं चिकटून बसते. हवा जाईन कुठून? ह्या कूलरनं तुमचा कॉम्प्युटर थंड नाई होऊन राह्यला, त्याचा गळा दाबल्या जाऊन राह्यला!"

"म्हणजे आईची हवा घेतली थेही फुकटच?" आदेशने विचारलं.

"झाकण लावा, महिन्याले साफ करा, कापसापासून दूर ठेवा. त्याचं काम झालं. पण भाऊ, त्याची डिग्री तुम्हाले पाठ आहे. सैपाकघरात किती डिग्री राहते, कधी पाह्यलं? थो तापला तं बंद पडून सांगते. काकू काऊन नाई सांगत? त्याइले कोणी इचारलंच नाई म्हून!"

आदेश सैपाकघरात गेला. आई रोज जिथे बसते तिथे, चुलीपुढच्या पाटावर, तापलेल्या टिनाखाली तो बसला. चूल विझलेली होती, तरी त्याला पाच मिनिटंही काढता येईनात. तो ओंजळीत तोंड लपवून रडला.

संध्याकाळी नानाजी परतले, तोवर आनंदाबाई उठून बसल्या होत्या. "कूलर सैपाकघराच्या दारात काऊन ठेवला?" त्यांनी विचारलं. कमलाबाई दारातच होत्या. आदेशला काहीही सांगता आलं असतं. त्याने मान खाली घातली.

"बाबा, मी पाण्यासाठी ओरडत होतो, तवा आई नळाजवळ पडून होती. अंकिताताईनं हाक मारली, तं मी पहिले खेळ थांबवला, मंग उठलो."

एवढी वर्षं दुपारी कूलरसमोर नानाजीही झोपत आले होते. त्यांनी रिकामी बादली उचलली आणि नळाकडे चालू लागले.

बंधुभगिनींनो, आज दुपारी आपल्या घरात एकदा उठून बघा. कूलरचं तोंड कुणाकडे आहे आणि त्यात पाणी कोण भरतं? ही दोन माणसं वेगवेगळी असतील, तर लाज वाटू द्या, आणि बादली आपल्या हातात घ्या!